घाट कधी बंद करायचा?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सुटलं की पहिलं स्थानक विठ्ठलवाडी. इथल्या माणसाला घाटमाथ्यावर जायला दोन वाटा आहेत. एक रुळांची: कर्जतपर्यंत लोकल आणि पुढे बोरघाट चढून लोणावळा. दुसरी डांबराची: मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी करत माळशेज घाट, आणि वर चढलं की ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर. डोंगर तोच, दगड तोच आणि पाऊसही तोच. पण जुलैतल्या एखाद्या मुसळधार रात्री या दोन वाटांवर जे चालतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. कडा कापून, बोगदे पाडून नेलेली ही वाट पहिल्यापासून दरडींच्या तोंडी आहे आणि रेल्वेने ते पहिल्यापासून गृहीत धरलं आहे. पावसाळ्याआधी मध्य रेल्वेच्या ‘हिल गँग’चे कामगार बोर आणि थळ घाटांच्या कड्यांवर चढतात. सैल झालेले धोंडे शोधतात, त्यांवर खूण करतात आणि गाड्या थांबवून घेतलेल्या वेळात पहारी लावून ते खाली पाडतात. धोंडा पावसाने रात्री दोन वाजता पाडण्यापेक्षा माणसाने दुपारी बाराला पाडलेला बरा, असा हा साधा हिशोब. पाऊस लागला की गस्तवाले रुळांवरून चालत राहतात, हातात बॅटरी आणि झेंडी, सोबत इशाऱ्याचे फटाके. कड्यांवर जाळ्या आहेत, धोक्याच्या जागी पहारेकरी आहेत, कॅमेरे आहेत. एवढं करूनही दरडी पडतातच. पण पडलेली दरड गाडी तिच्यापाशी येण्याआधी कुणाच्या तरी नजरेला पडावी, एवढी सोय तिथे केलेली असते.

माळशेजचा रस्ता हा कल्याणहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यावर ट्रक आहेत, एसटी आहे, जुन्नर-ओतूरकडून रात्री भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात उतरणारे पिकअप आहेत आणि शनिवार-रविवारी धबधब्यांसाठी येणारी तुफान गर्दी आहे. रात्री दोन वाजता वळणापलीकडे धोंडा येऊन पडला असेल, तर तो पहिल्यांदा दिसतो तो चालकाला, हेडलाइटच्या उजेडात, पंचवीस-तीस फुटांवर.

माळशेजची धास्ती दुहेरी आहे, खाली दरी आणि वर कडा. २ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) निघालेली एसटी इथे ट्रकच्या धडकेनंतर दरीत कोसळली आणि २७ माणसं गेली. तो कोरडा जानेवारी होता, दरडीचा त्यात काही संबंध नव्हता. अशा अपघातानंतर कठड्यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. वरच्या कड्याची चर्चा मात्र तो अंगावर आल्यावरच होते. २०१३ आणि २०१८ च्या पावसाळ्यांत दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. जुलै २०२४ मध्ये मुलुंडहून संगमनेरकडे निघालेल्या एका रिक्षावर घाटात दगड कोसळले आणि दोघांचा जीव गेला. त्यांत एक लहान मुलगा होता.

कडा सुटतो कसा, हे समजून घ्यायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. घाटात गाडीच्या काचेतून समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर पसरत गेले, त्यांचा हा सह्याद्री. सगळे थर सारखे नाहीत. काही काळेकभिन्न, घट्ट कातळाचे, तर काही सच्छिद्र, हाताने भुगा व्हावेत इतके कुजलेले. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन दुसरा त्यावर येईपर्यंत जो काळ गेला, त्यात तयार झालेली ही माती. पाणी लागलं की ती फुगते आणि मऊ पडते. वरचा कातळ कितीही टणक असला तरी त्याचा पाया असा लोण्याचा असेल, तर त्याचा टणकपणा काय कामाचा? शिवाय घट्ट कातळातही लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा असतात. त्यांत पाणी शिरतं, पिंपळा-उंबराची मुळं शिरतात, वर्षानुवर्षं पाचर ठोकल्यासारखी भेग रुंदावत जाते आणि एक दिवस मोटारीएवढा तुकडा मोकळा होतो.

हा झाला सुट्या धोंड्यांचा प्रकार. दुसरा प्रकार मातीचा आणि त्याने जास्त माणसं मारली आहेत. उतारावर कातळाच्या वर मुरूम आणि मातीचा काही मीटरचा थर असतो. पावसाच्या पहिल्या दिवसांत तो पाणी पिऊन घेतो. नंतर पिण्याची ताकद संपते, कातळाच्या वरच्या अंगाला पाणी साचतं आणि त्या पाण्याचा दाब मातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवतो. मग सगळा थर झाडांसकट खाली सरकतो, ओल्या फरशीवरून गोणपाट सरकावं तसा. म्हणूनच अशी दरड बहुधा पावसाच्या पहिल्या सरीला कोसळत नाही. चार-पाच दिवस संततधार झाली, जमीन तुडुंब झाली आणि त्यावर काही तासांचा जबरदस्त पाऊस आला, की ती वेळ येते. आधीचा साठा आणि आताचा मारा, या दोन्ही गोष्टी लागतात. पुढच्या सगळ्या चर्चेची किल्ली इथे आहे, कारण या दोन्ही गोष्टी मोजता येतात.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी असंच गेलं. दीडशेहून अधिक माणसं ढिगाऱ्याखाली गेली आणि बाहेरच्या जगाला ही बातमी पहिल्यांदा दिली ती एका एसटी चालकाने. नेहमीच्या फेरीवर तो तिथे पोहोचला, तर गावच जागेवर नव्हतं. महाड तालुक्यातलं तळीये २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्हीकडे ऐंशीच्या वर बळी. तळीये घडलं त्याच दिवशी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पोलादपूरकडून वर जाणारा आंबेनळी घाट जागोजागी तुटला.

माळीण, तळीये, इर्शाळवाडी या गावांवरच्या दरडी. रस्त्याच्या दरडींचं एक जादा कारण असतं: खुद्द रस्ता.

डोंगर हजारो वर्षांत स्वतःला झेपेल असा उतार घेऊन बसलेला असतो. रस्ता नेताना त्या उताराच्या पायथ्याचा एक त्रिकोण कापून काढतात आणि तो डबर बाहेरच्या बाजूला, दरीच्या अंगाला भराव म्हणून टाकतात. म्हणजे रस्त्याचा अर्धा भाग मूळ डोंगरावर आणि अर्धा भरावावर. आतल्या बाजूला आधार काढून घेतलेला कडा आणि बाहेरच्या बाजूला न मुरलेली माती. आतला कडा सुटला की ‘दरड कोसळली’ म्हणतात, बाहेरचा भराव बसला की ‘रस्ता खचला’. बातमीत या दोन वेगळ्या घटना असल्या तरी मूळ एकच. सुरुंग लावून कापणी झाली असेल तर उरलेल्या कातळालाही बारीक तडे गेलेले असतात, ते पुढच्या दहा-वीस पावसाळ्यांत आपला हिशोब चुकता करतात.

नाणेघाट इथे आठवतो. वैशाखऱ्यातून वर जाणारी ही वाट माळशेजपासून फार लांब नाही. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरात उतरलेला माल जुन्नरला याच वाटेने जायचा. वरच्या गुहेत नागनिकेचा शिलालेख आहे, बाहेर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांनंतरही ती वाट पायी चालता येते. तिला बैलाच्या रुंदीएवढीच जागा लागत होती आणि ती डोंगराच्याच नळीतून चढते, डोंगराला आडवी कापत जात नाही. चौपदरी महामार्गाला अर्थात नळी पुरणार नाही. पण जितका रुंद रस्ता तितका खोल काप आणि तितका उंच उघडा कडा, हे गणित रस्ता रुंद करायच्या घोषणेत फारसं कुणी सांगत नाही.

चिपळूणच्या परशुराम घाटाने ते दाखवून दिलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी तिथला डोंगर कापला गेला. जुलै २०२१ मध्ये दरड खालच्या पेढे गावातल्या घरांपर्यंत पोहोचली. २०२२ च्या उन्हाळ्यात कापणी उरकण्यासाठी हा महामार्ग रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला, आणि पाऊस आल्यावर पुन्हा बंद. कर्नाटकात अंकोल्याजवळच्या शिरूरला १६ जुलै २०२४ च्या सकाळी याच महामार्गावर रुंदीकरणासाठी कापलेला डोंगर खाली आला. कड्याखाली चहाची टपरी होती, ट्रकवाले तिथे थांबत. टपरी चालवणारं कुटुंब गेलं, वाहनं थेट गंगावळी नदीत गेली आणि एक ट्रक नदीतून बाहेर काढायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. टपरी तिथे का होती? गाड्या उभ्या करायला रुंद जागा होती म्हणून. आणि ती जागा डोंगर कापल्यामुळेच रुंद झालेली होती.

उपाय नाहीत असं मुळीच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी दगावले. त्यानंतर तिथे सुटे दगड काढणं, लांब पोलादी खिळे कातळात रोवून तो मागच्या घट्ट खडकाला बांधणं, तारेच्या जाळ्या पांघरणं, अशी बरीच कामं झाली. जुलै २०२३ मध्ये आडोशीलाच पुन्हा दरड आली. यावरून जाळ्या निरुपयोगी असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. जाळी धोंडा थांबवते, मातीचा अख्खा थर थांबवणं हे तिचं काम नाही. मातीला जाळीपेक्षा पाण्याची वाट जास्त लागते: कड्याच्या माथ्यावर चर खणून वरचं पाणी बाजूला काढणं, संरक्षक भिंतीला भोकं ठेवून मागचं पाणी बाहेर सोडणं, रस्त्याकडेचं गटार आणि खालची मोरी उघडी ठेवणं.

मोरी ही घाटातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी. पूल झाला की उद्घाटन होतं, मोरीचं कुणी नारळ फोडत नाही. पण ओहोळाचं पाणी मोरीतून गेलं नाही तर ते रस्त्यावर येतं, डांबर ओलांडून बाहेरच्या भरावात मुरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत कठडा दरीकडे झुकू लागतो. माळशेजसारख्या घाटात वर्षासहलीला येणारे लोक प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या टाकतात, त्या वाहत जाऊन याच मोऱ्यांच्या तोंडाशी अडकतात. त्यावर पाचोळा आणि गाळ बसला की झालं. पर्यटकांनी घाट घाण केला ही तक्रार नेहमीची. त्यांनी घाट पोखरला, असंही म्हणायला हरकत नाही.

तरीही प्रत्येक कडा बांधून काढणं कुणालाच परवडणारं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशोबाने देशाची सुमारे १२.६ टक्के जमीन दरडप्रवण आहे, त्यात जवळपास ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांत. म्हणून प्रश्न शेवटी असा उरतो: जो कडा बांधलेला नाही, त्याच्याखालून माणसांना केव्हा जाऊ द्यायचं नाही?

जपानने याचं उत्तर फार मोठी किंमत मोजून शोधलं. १८ ऑगस्ट १९६८ च्या पहाटे गिफू प्रांतात राष्ट्रीय महामार्ग ४१ वर सहलीच्या बसचा एक ताफा होता. पुढे दरड पडल्याचं कळल्यावर बस माघारी वळल्या. परतीच्या वाटेवरही दरड आलेली होती. दोन दरडींच्या मध्ये बस उभ्या राहिल्या आणि त्या उभ्या असतानाच वरून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने दोन बस खालच्या हिदा नदीत ढकलल्या. १०४ माणसं मेली. ही केवळ निसर्गाची करणी, हा बचाव टिकला नाही. रस्ता सरकारचा होता, धोका ओळखता येण्यासारखा होता आणि तरीही तो उघडा ठेवला गेला, म्हणून १९७४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. त्या दुर्घटनेनंतर तिथे नियम झाला. डोंगराळ रस्त्यांचे धोक्याचे टप्पे ठरवायचे, प्रत्येक टप्प्यासाठी पावसाचा आकडा ठरवायचा, आणि संततधार पावसाची बेरीज त्या आकड्याला पोहोचली की रस्ता बंद. दरड पडलेली असो वा नसो. तो आकडा रस्त्याकडेच्या फलकावर लिहिलेला असतो, म्हणजे रस्ता का अडवला हे चालकाला कुणाला विचारावं लागत नाही.

हाँगकाँगने दुसरं टोक पकडलं. १८ जून १९७२ या एका दिवशी तिथे दोन ठिकाणी कापलेले-भरलेले उतार कोसळून १३८ माणसं गेली. १९७६ मध्ये पुन्हा बळी गेल्यावर १९७७ साली केवळ उतारांचं काम पाहणारं स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. आज तिथे माणसाने घडवलेल्या सुमारे साठ हजार उतारांची नोंद आहे आणि रस्त्यालगतच्या कड्यावर घराच्या नंबरासारखी पाटी असते. त्या नंबरावरून कड्याच्या देखभालीचा धनी कोण हे कळतं.

आपल्याकडे घाट बंद करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आहेच, आणि तो वापरलाही जातो. भोर-महाड रस्त्यावरच्या वरंध घाटाबाबत अलीकडच्या वर्षांत अवजड वाहनांना पावसाळाभर आणि रेड वा ऑरेंज अलर्टच्या दिवशी सगळ्यांनाच बंदी, असे आदेश निघाले आहेत. दिशा बरोबर आहे, पण माप ढोबळ आहे. हवामान खात्याचा इशारा मुख्यतः जिल्ह्यासाठी असतो. पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्या घाट भागासाठी तो वेगळा दिला जातो. माळशेजची चढण मात्र ठाणे जिल्ह्यातली, आणि ठाणे जिल्हा म्हणजे मीरा-भाईंदरच्या खाडीपासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत. ठाण्याला रेड अलर्ट असताना घाटात रिमझिम असू शकते आणि शहरात ऊन असताना मोरोशीच्या वर आभाळ फाटलेलं असू शकतं. शिवाय अख्खा पावसाळा घाट बंद ठेवणं वरंधला जमेल, माळशेजला नाही. इथे फेरा घ्यायचा म्हणजे कसाऱ्यावरून नाहीतर खंडाळ्यावरून, आणि तोवर पिकअपमधली मेथी-कोथिंबीर माना टाकते. म्हणून इथे बंदी हवी ती तासांची. खाली सावर्ण्याच्या बाजूला एक पर्जन्यमापक, वर खुबी फाट्याला एक, आणि त्या दोहोंच्या आकड्यांना बांधलेलं फाटक.

हे परदेशी खूळ नाही. कोकण रेल्वे गेली वीस वर्षं जवळजवळ हेच करते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कापलेल्या डोंगरातून रुळांवर आलेल्या दगडांवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दगडांवर आदळून घसरली. त्यानंतर कापलेले उतार कमी तीव्र केले गेले, जाळ्या बसल्या, गस्त वाढली आणि पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, ज्यात गाड्या मुद्दाम हळू चालवतात. नऊ स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा चालकांना नियम आहे. गाडी उशिरा आली म्हणून चाकरमानी कुरकुरतात, पण पावसाळी वेळापत्रक रद्द करा अशी मागणी कुणी करत नाही.

रस्त्यावर असं फाटक येत नाही, तोवर जाणाऱ्याला स्वतःच्या डोळ्या-कानांवर भिस्त ठेवावी लागते. रस्त्यावर ताजे, ओली माती लागलेले बारीक दगड विखुरलेले दिसले, तर वरून काहीतरी सुटायला लागलं आहे. स्वच्छ वाहणारा ओहोळ अचानक गढूळ झाला किंवा भर पावसात आटला, तर वर कुठेतरी माती सरकली किंवा पाणी अडलं आहे, आणि दुसरी शक्यता जास्त वाईट. डांबरात दरीच्या बाजूला कमानीसारखी भेग दिसली तर तो खड्डा बुजवायचा प्रकार नव्हे. समोर दरड दिसली की उतरून मोबाईल काढायचा मोह अनेकांना होतो. एक दरड आली त्या जागी थोड्या वेळात दुसरी येऊ शकते, कारण पहिलीने वरच्या मातीचा आधार काढून घेतलेला असतो. म्हणून गाडी कड्याखाली उभी करायची नाही, दगड बाजूला सारायला माणसं जमवायची नाहीत, मागे वळून कडा संपेल अशा मोकळ्या जागेत जायचं. आणि धबधबा थेट रस्त्यावर पडतो तिथे थांबून भिजायचं नाही. जिथून पाणी येतं तिथूनच दगड येतो.

एसटी चालकाच्या हाती यातलं फारसं नसतं. पन्नास प्रवासी घेऊन घाटात शिरलेली बस मधल्या वळणावर माघारी फिरवता येत नाही, हिदाच्या ताफ्याने ती फिरवली तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे. त्याला जो निरोप हवा तो टोकावड्याच्या आत, शक्यतो मुरबाडच्या स्थानकावर, आणि त्याहून बरं म्हणजे आगारातून बस निघतानाच मिळायला हवा. आज तो बहुतेक वेळा समोरून उतरलेल्या ट्रकवाल्याकडून मिळतो, दरड पडून गेल्यावर.